बारावीच्या इंग्रजीतले कादंबरीचे 16 गुण
लातूरला नीटच्या क्लासच्या धबडग्यात बारावीचं इंग्रजी मागे पडतं, अन् त्यातही कादंबरीचा भाग सगळ्यात शेवटी. लेखी 80 पैकी 16 गुण तिथेच आहेत! गाईडातली उत्तरं घोकू नका. प्रत्येक कादंबरीला वहीचं एक पान द्या: पात्रं, स्थळ, कथानकातलं वळण. ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मधला फॉग 80 दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावून पूर्वेकडे निघतो, म्हणून त्याचा एक दिवस वाचतो, पैज हरलो समजून बसलेल्या फॉगला ते त्याचा नोकर पासपार्टू याच्यामुळे कळतं. ही गोष्ट आधी घरी मराठीत सांगून बघा. आजी असली तर फारच बरं, ती मधेच ‘मग पुढं काय झालं?’ विचारतेच. जिथं अडखळाल, तेवढंच पुन्हा वाचा, मग साध्या इंग्रजीत लिहा.