गाणं रंगलं, चौकोन मोडले

न्यू जर्सीत स्क्वेअर डान्सचा कॉलर, म्हणजे चार जोड्यांच्या चौकोनांना पुढची हालचाल सांगणारा, म्हणून उभा राहू लागलो तेव्हा एकच दुखणं होतं. पॅटर, म्हणजे नुसत्या तालावर हुकूम सोडणं, छान जमायचं. सिंगिंग कॉल, म्हणजे गाण्यात गुंफलेले हुकूम, लावला की मात्र तिसऱ्या फेरीपर्यंत निम्मे चौकोन मोडलेले. आठही माणसं एकमेकांची तोंडं बघतायत, आणि मी आपला मजेत गातोय!

सरावाचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं. गाण्याच्या नादात मी हुकूम चालीबरोबर सोडत होतो. पाऊल ठोक्यावर पडायचं तर शब्द दोन-तीन ठोके आधी कानी जायला हवा. त्यात मूळ पट्टी मला उंच. वरच्या सुरात 'अलेमांड लेफ्ट' (शेजाऱ्याचा डावा हात धरून फिरा) या हुकुमाचं नुसतं 'आऽऽ' उरायचं.

सॉफ्टवेअरमध्ये पट्टी दोन सेमिटोन उतरवली. वेग मिनिटाला १२८ ठोक्यांवरून १२४ वर आणला. मग कागद घेतला. एक फेरी ६४ ठोक्यांची, अशा सात. पहिल्या ४८ ठोक्यांत फक्त हुकूम, जवळजवळ बोलल्यासारखे. गाण्याचे मूळ शब्द शेवटच्या १६ ठोक्यांत, जोड्या प्रॉमिनाड करत आपल्या जागी परततात तेव्हा. तेवढं चालायला त्यांना माझी गरज नसते, मग गा म्हणावं पोटभर.

पुढच्या शनिवारी एकच चौकोन मोडला. तोही माझ्याच पायी: ऐन भरात 'लेफ्ट'ऐवजी 'डावीकडे' म्हणून गेलो.