गिअरबॉक्स बदलल्यावर गाडी थरथरते? प्रोपेलर शाफ्टच्या या चुका टाळा

जुन्या गाडीत पाच गिअरचा किंवा ओव्हरड्राइव्हचा (वरच्या गिअरला इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरवणारा) गिअरबॉक्स बसवला, गाडी रस्त्यावर आली, आणि ७०-८० चा वेग गाठताच सीटखालून गुरगुर सुरू झाली. अशा वेळी पहिला संशय हमखास प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जोर पोचवणाऱ्या नळीच्या, बॅलन्सिंगवर जातो. शाफ्ट उतरतो, लेथवर चढतो, परत येतो आणि गाडी तशीच गुरगुरते. बिचाऱ्या शाफ्टचा दोष फार कमी वेळा असतो. नव्या गिअरबॉक्सची शेपटी (मागचं टोक) जुन्याच्या जागी बसलेली नसते, तिची उंची आणि तिरकेपणा दोन्ही बदललेले असतात. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचा, म्हणजे कोनात फिरू देणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटचा, हिशोब तिथेच फसतो.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका टोकाला गती एकसारखी असली तरी दुसऱ्या टोकाला ती प्रत्येक फेरीत दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. ३ अंशांच्या कोनात ३००० आरपीएमला हा चढउतार जेमतेम ४ आरपीएमचा असतो. ८ अंशांत तोच २९ च्या घरात जातो. कोन दुप्पट झाला की झटका जवळपास चौपट होतो. मागच्या क्रॉसचं काम पुढच्याने केलेला हा चढउतार पुसून टाकायचं. त्यासाठी दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत.

चूक पहिली: शाफ्ट आधी कापून घेणं

कामाचा क्रम असा: गिअरबॉक्सची उंची आणि कोन पक्का करा, मग पिनियनचा (शाफ्टला जोडलेल्या, डिफ्रन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा) कोन बसवा, आणि सगळ्यात शेवटी शाफ्टची लांबी मोजा. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. गिअरबॉक्स अजून जॅकवर टेकलेला, क्रॉसमेंबरला (गिअरबॉक्स पेलणाऱ्या आडव्या पट्टीला) भोकं पाडलेली नाहीत, आणि शाफ्ट कापायला गेलेलासुद्धा. नंतर पिनियनचं नाक वरखाली केलं की मापात काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात आणि शाफ्ट दुसऱ्यांदा कापावा लागतो.

चूक दुसरी: बोगदा वाचवण्यासाठी गिअरबॉक्सची शेपटी खाली टाकणं

सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. नवा गिअरबॉक्स जाड असतो, वरून फ्लोअरच्या बोगद्याला घासतो. पत्रा कापून वेल्डिंग करायचं जिवावर येतं, म्हणून क्रॉसमेंबरखाली स्पेसर टाकून शेपटी ३५-४० मिमी खाली घेतली जाते. गिअरबॉक्स बसतो आणि काम झालं असं वाटतं.

आता आकडे बघा. समजा आधी इंजिन-गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता होता, शाफ्ट मागे ५ अंश उतरता आणि पिनियनची रेषाही ३ अंश, म्हणजे पिनियनचं नाक ३ अंश वर. पुढच्या क्रॉसचा कोन ५ वजा ३, म्हणजे २. मागचाही २. झकास जमलेलं. इंजिनच्या फाउंडेशनपासून (रबरी आधारापासून) गिअरबॉक्सच्या फाउंडेशनपर्यंत साधारण ७५० मिमी अंतर असेल, तर १३ मिमीला १ अंश असा हिशोब पडतो. शेपटी ४० मिमी खाली गेली की गिअरबॉक्स ६ अंशांवर येतो. पुढचं टोक खाली आल्यामुळे शाफ्टचा उतार कमी होऊन ३ अंशांच्या आसपास येतो. आता पुढच्या क्रॉसवर ३ अंश आणि मागच्यावर जवळपास शून्य. आकडे सुटेसुटे पाहिले तर दोन्ही चांगले दिसतात, म्हणूनच फसगत होते. पुढचा क्रॉस चढउतार तयार करतो आणि मागे तो पुसायला कोणीच नाही.

यावर पिनियनचं नाक ६ अंशांपर्यंत उचलण्याचा सल्ला मिळतो. कागदावर रेषा समांतर होतातही. पण जोर लागला की नाक आणखी वर जातं आणि मागच्या क्रॉसचा कोन ४-५ अंशांवर पोचतो. सरळ पत्रा कापा. दोन दिवस जास्त जातील, पण शेपटी जुन्या उंचीला राहील.

चूक तिसरी: चाकं लटकत असताना कोन मोजणं

गाडी बॉडीखाली स्टँड लावून उचलली की मागचं हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) खाली लोंबतं आणि शाफ्टचा कोन कित्येक अंशांनी बदलतो. ते माप कामाचं नाही. गाडीचं वजन चाकांवरच हवं. चारही चाकं रॅम्पवर घ्या, किंवा स्टँड मागच्या हाउसिंगखाली आणि पुढे सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली लावा. टाकीत निम्मं पेट्रोल असू द्या, सीट बसवलेली असू द्या, आणि मोजण्याआधी गाडी दोनचारदा दाबून सस्पेन्शन बसू द्या. खाली शिरण्याआधी गाडी हलत नाही याची खात्री करा.

मोजायला चुंबकाचा डिजिटल कोनमापक घ्या. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, कॅमेऱ्याचा उंचवटाच एखादा अंश खातो. जमीन किंचित उतरती असली तरी बिघडत नाही, कारण आपल्याला कोनांमधला फरक हवा असतो. अट एवढीच की तिन्ही मापं होईपर्यंत गाडी हलवायची नाही, मापक मधेच शून्यावर आणायचा नाही, आणि तो प्रत्येक वेळी त्याच बाजूने धरायचा.

मापक ठेवायचा कुठे, यावरही बरंच अवलंबून आहे. इंजिनचा ऑइल संप, व्हॉल्व्ह कव्हर, कार्ब्युरेटर बसतो ती इनटेकची पाटी, हे सगळं क्रँकच्या रेषेला समांतर असेलच असं नाही. इनटेकची पाटी तर अनेक इंजिनांत मुद्दाम तिरकी ठेवलेली असते. डिफ्रन्शियलचं ओतीव कवचही भरवशाचं नाही. त्यापेक्षा शाफ्ट फिरवून स्लिप योकमधली (गिअरबॉक्समध्ये आतबाहेर सरकणाऱ्या, क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यातली) क्रॉसची वाटी, म्हणजे खुंटावरची टोपीसारखी बेअरिंग, बरोबर खाली आणा, तिचं लॉक काढा, वाटीच्या तोंडावर एक छोटा सॉकेट टेकवा आणि त्यावर मापक धरा. हा गिअरबॉक्सचा कोन. पिनियनच्या योकवर असंच करून पिनियनचा कोन घ्या. शाफ्टचा कोन नळीच्या खालच्या बाजूला, वेल्डिंग आणि बॅलन्सचे तुकडे टाळून. प्रत्येक माप तीनदा घ्या. अर्ध्या अंशाचा फरक येत असेल तर खालचा मळ आधी खरवडा.

चूक चौथी: सगळं एका सरळ रेषेत आणणं

ऐकायला बरोबर वाटतं. पण क्रॉसच्या वाटीतल्या नीडल (बेअरिंगच्या बारीक सळ्या) तेव्हाच फिरतात जेव्हा क्रॉस थोडा तरी कोनात चालतो. कोन शून्य असला की नीडल जागच्या जागी दाबल्या जातात आणि क्रॉसच्या खुंटांवर बारीक समांतर खाचा पडतात. असा क्रॉस हातात घेऊन हलवला तर मधोमध अडकल्यासारखा टक टक करतो.

प्रत्येक क्रॉसला १ ते ३ अंश ठेवा. दोघांमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करा, १ अंशाच्या वर नकोच. अर्थात हे गाडी चालत असतानाच्या स्थितीला लागू आहे. मागे पाट्यांचं सस्पेन्शन असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाटे पिळले जातात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत ते समांतर रेषेपेक्षा १ ते २ अंश खाली ठेवतात. वरच्या उदाहरणात पिनियन ३ ऐवजी दीड अंशावर ठेवला तर उभ्या गाडीत मागचा क्रॉस साडेतीन दाखवेल. घाबरू नका, जोर लागल्यावर तो २ च्या जवळ येतो. आर्म असलेल्या सस्पेन्शनमध्ये ही पिळवट कमी असते, तिथे १ अंश बहुधा पुरतो.

एका टोकाला साधा क्रॉस आणि दुसऱ्या टोकाला डबल क्रॉसचा जॉइंट असेल तर हा नियम लावू नका. डबल क्रॉस गिअरबॉक्सकडे असेल तर पिनियनने थेट शाफ्टकडे रोखून पाहायला हवं.

चूक पाचवी: शिम उलटी बसवणं

पाट्यांच्या गाडीत पिनियनचा कोन पाचरीच्या शिमने बदलतात. हाउसिंग पाट्यांच्या वर बसत असेल तर शिमचा जाड भाग पुढे ठेवल्यावर नाक वर जातं. पाटे हाउसिंगच्या वर असतील तर नेमकं उलटं, जाड भाग पुढे ठेवला की नाक खाली जातं. शिम पोलादाची घ्या. ॲल्युमिनियमची शिम वजनाखाली चेपते, तडकते, आणि मग यू-बोल्ट सैल पडतात. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं शिममधून वर येऊन हाउसिंगच्या भोकात नीट शिरतंय ना, तेही पाहा. शिरत नसेल तर लांब बोल्ट लागेल. ताणलेले जुने यू-बोल्ट परत वापरू नका आणि १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

आर्मच्या सस्पेन्शनमध्ये लांबी बदलता येणारे वरचे आर्म लावतात. वरचा आर्म लांब केला की नाक वर जातं.

चूक सहावी: आडवा कोन विसरणं

वरून पाहिलं तर गिअरबॉक्स आणि पिनियन एका रेषेत नसतात, हे बऱ्याच गाड्यांमध्ये कारखान्यातूनच असतं. त्याला हरकत नाही, दोन्ही रेषा समांतर असल्या की झालं. पण नवं फाउंडेशन जरा बाजूला बसलं आणि गिअरबॉक्सची शेपटी वळली, तर आडवा कोन उभ्या कोनात मिसळतो. खरा कोन म्हणजे दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. उभा २ आणि आडवा २ असेल तर क्रॉसला पावणेतीनच्या वर सोसावा लागतो.

चूक सातवी: स्लिप योकला जागा न ठेवणं

उदाहरणार्थ, जनरल मोटर्सचा ६ इंची शेपटीचा टर्बो ३५० हा गिअरबॉक्स सुमारे ७०३ मिमी लांब, आणि त्याच्या जागी बसणारा ७००आर४ हा ७८१ मिमी. म्हणजे शाफ्ट साधारण ७८ मिमीने तोकडा करावा लागणार. दोन्हींच्या आउटपुट शाफ्टवर २७ खाचा असतात, त्यामुळे स्लिप योक तोच चालतो. टर्बो ४०० ला मात्र ३२ खाचा, तिथे योकही बदलावा लागतो. तरीही तक्त्यातल्या वजाबाकीवर शाफ्ट कापू नका, गाडीवर मोजा. वजन चाकांवर असताना स्लिप योक पूर्ण आत ढकला, २० ते २५ मिमी बाहेर ओढा, आणि योकच्या वाटीच्या मध्यापासून पिनियन योकच्या वाटीच्या मध्यापर्यंत माप घ्या.

शाफ्ट लांब राहिला तर खड्ड्यात योक आत जाऊन गिअरबॉक्सच्या तळाला ठोकतो. बुश आणि बेअरिंग जातं, कधी शेपटीचं कवचही तडकतं. आखूड झाला तर योक पुरेसा आत नसतो, बुशमध्ये डुलतो, सील गळायला लागतो आणि वेगात थरथर येते. जुना बुश झिजलेला असेल तर कोन कितीही अचूक असोत, थरथर राहणारच.

चूक आठवी: वेल्डिंग आणि क्रॉस बसवताना घाई

नळी कापून वेल्ड करताना दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत यायला हवेत. काही अंशांनी जरी पुढेमागे झाले तरी कोन जुळवलेले वाया जातात. कापण्याआधी नळीवर लांबलचक सरळ रेघ मारा. वेल्डनंतर डायल गेजवर शाफ्ट फिरवून पाहा, अर्ध्या मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर तो परत करा.

क्रॉस दाबून बसवताना एखादी नीडल आडवी पडून वाटीच्या तळाशी अडकते. ओळखायची खूण सोपी: वाटी पूर्ण आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. हातोडा मारत बसू नका, वाटी काढा, ग्रीस लावून नीडल परत उभी करा. बसल्यावर क्रॉस चारही बाजूंना हाताने सैल फिरायला हवा. जड वाटला तर योकच्या कानावर हलकी थाप द्या, वाटी मागे सरकते. पिनियन योकच्या पट्ट्यांचे छोटे बोल्ट जास्त आवळल्याने वाट्या अंडाकृती होतात. त्यांना साधारण २० न्यूटन-मीटर पुरतात, मॅन्युअलमध्ये आकडा वेगळा असेल तर तो धरा.

तरीही थरथरत असेल तर

ज्या वेगाला थरथर येते त्याहून थोडं वर जा, मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रल करा आणि गाडीला तशीच जाऊ द्या. थरथर गेली तर इंजिन, क्लच किंवा त्यांची फाउंडेशनं पाहा. राहिली तर शाफ्ट, क्रॉस, हाउसिंग किंवा चाकं.

फक्त जोर देताना येते आणि ॲक्सिलरेटर सोडला की जाते: पिनियनचं नाक उचललं जातंय, ते आणखी खाली घ्या. फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावर येते: नाक गरजेपेक्षा खाली आहे. जोर असो वा नसो, ठरावीक वेगाला येतेच: आता बॅलन्सवर संशय घ्या. पिनियनच्या योकमध्ये शाफ्ट १८० अंश फिरवून बसवा आणि फरक पडतो का पाहा.

ओव्हरड्राइव्ह घेतल्यावर पुष्कळजण डिफ्रन्शियलचं गुणोत्तरही २.७३ वरून ३.७३ करतात. चाकाचा घेर २ मीटर धरला तर १०० च्या वेगाला शाफ्ट आधी सुमारे २२७५ आरपीएमने फिरत होता, तो आता ३१०० च्या वर जातो. इंजिन शांत वाटतं, पण शाफ्ट जास्त वेगाने फिरत असतो. जो किरकोळ वाकलेपणा आधी जाणवतही नव्हता तो आता बोलायला लागतो, आणि अशा वेळी नवीन शाफ्ट त्या आरपीएमवर बॅलन्स करून घेणंच बरं.