ग्रामसभेला जाण्याआधी

15 ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गटार, रस्ता, पाणी यांवरून रान पेटतं. प्रत्यक्षात झेंडावंदन झालं की निम्मी मंडळी जिलेबी घेऊन घरी. यंदा बसायचंच असेल तर आठवडाभर आधीच कामाला लागा. साध्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, विशेष सभेची चार दिवस आधी. तिचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. अजेंड्यावर तुमचा विषय नसेल तर त्याच दिवशी सरपंचांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घालून पोच घ्या. ‘ऐनवेळच्या विषयात घेऊ की’ या गोड उत्तरावर परत फिरू नका. ते विषय शेवटी येतात, आणि तोवर सतरंजीवर सरपंच, भाऊसाहेब आणि शिपाई एवढेच उरलेले असतात. (ग्रामसेवकाचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गावाला ते भाऊसाहेबच.)

माणसं गोळा करा, तीही मतदार यादीत नाव असलेली. कोरम म्हणजे सभेला किमान हजर लागणारी माणसं: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी असेल तो आकडा. तो भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अटच नसते. ज्याला एखादा विषय गुपचूप उरकायचाय, त्याला तुमचं घरी बसणं फार सोयीचं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. पाण्याचा विषय असेल तर तिथे ठराव करून घ्या. बांधाची भांडणं घरी ठेवून या.

हिशेब विचारायचा असेल तर गावचा विकास आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आधी बघा. 15व्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 पासून 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, म्हणजे ती दुसऱ्या कामाला वापरता येत नव्हती. ‘त्यातून रस्ता का नाही केला?’ असं विचारलंत तर भाऊसाहेब दोन मिनिटांत गप्प बसवतील, आणि नियमाने त्यांचंच बरोबर असेल.

सगळ्यात जास्त वेळ ठरावाच्या मजकुराला द्या. तो घरूनच लिहून न्या. ‘गटाराचा प्रश्न सोडवावा’ हा ठराव नव्हे, ती तक्रार झाली. मारुती मंदिरापासून शाळेच्या फाटकापर्यंत बंदिस्त गटार, पैसा कोणत्या निधीतून, काम कधीपर्यंत, पुढच्या सभेत अहवाल कोण देणार, असं नेमकं लिहा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं अशा प्रथा नावानिशी सांगितल्या होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. मोघम ठरावाचा कित्ता कोण गिरवणार?

सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा. ऐनवेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ठराव मंजूर झाला की प्रोसिडिंग बुकात (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) तो तिथल्या तिथे लिहायला लावा आणि मोठ्याने वाचून घ्या. शेवटच्या ओळीखाली रेघ मारलीय ना, सहीच्या वर कोरी जागा सोडलेली नाही ना, हे स्वतः वाकून बघा. त्या चार कोऱ्या ओळींत पुढे काहीही मावतं. हजेरी वही सभेतच फिरली पाहिजे; दुसऱ्या दिवशी शिपाई ती घेऊन दारात आला तर चहा पाजा, सही देऊ नका.

नंतर ठरावाच्या नकलेसाठी लेखी अर्ज करा. टाळाटाळ झाली तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते.