‘मेयो’ नावाची यादी करताना: एक आयरिश गाव, त्याचे वारसदार आणि उपरे

नागपुरात ‘मेयोत भरती केलंय’ म्हटले की सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरचे सरकारी रुग्णालय असा अर्थ लगेच कळतो. त्यावर इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पाटी असली तरी बोलण्यात ते मेयोच. लाहोरमध्येही एक मेयो हॉस्पिटल आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरला मेयो क्लिनिक आहे, आणि आयर्लंडमध्ये कॅसलबार गावी मेयो युनिव्हर्सिटी हॉस्पिटल. चारही रुग्णालयेच असल्यामुळे शोधयंत्रात ती एकमेकांत मिसळतात. त्यांपैकी तिघांचे नाव पश्चिम आयर्लंडमधल्या एकाच लहानशा गावापाशी जाऊन पोहोचते. चौथ्याचा, म्हणजे अमेरिकेतल्या क्लिनिकचा, त्या गावाशी काही संबंध नाही.

कोशातली नोंद, विकिपीडियावरचे निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या वेगवेगळ्या लेखांकडे वाट दाखवणारे पान), ग्रंथालयाची विषयसूची किंवा गावाच्या इतिहासातली तळटीप लिहिणाऱ्याला अशा नावांची यादी कधी ना कधी करावीच लागते. इंग्रजी यादी उचलून तिचे लिप्यंतर करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग आहे. ती यादी रोमन स्पेलिंगवर उभी असते. आपली यादी नाव कुठून आले आणि ते देवनागरीत कसे लिहिले जाते, या दोन गोष्टींवर उभी राहायला हवी.

आधी मूळ गाव पक्के करा

आयरिश नावाचा शोध नेहमी त्याच्या आयरिश रूपापासून सुरू करावा. आयर्लंडच्या अधिकृत स्थलनाम विदागारात, म्हणजे लॉगइनमवर, इंग्रजी रूप टाकले की आयरिश रूप, काउंटी आणि नकाशावरची जागा मिळते. मेयोचे आयरिश रूप ‘माय ओ’च्या जवळ जाते आणि त्याचा अर्थ यू नावाच्या सदाहरित झाडांचे मैदान. स्थानिक लोक उच्चारात शेवटच्या ‘यो’वर जोर देतात.

हे गाव कॅसलबार आणि क्लेअरमॉरिस यांच्या दरम्यान आहे. इ. स. 664 मध्ये व्हिटबीच्या धर्मसभेत ईस्टरच्या तारखेचा निकाल विरोधात गेल्यावर कोलमन हा आयरिश बिशप इंग्लंड सोडून निघाला. त्याच्यासोबत आयरिश आणि इंग्रज असे दोन्ही भिक्षू होते. आधी ते इनिशबॉफिन बेटावर राहिले, पण तिथे त्यांचे पटले नाही. बीड या जुन्या इतिहासकाराने कारण दिले आहे: आयरिश भिक्षू सुगीच्या दिवसांत बाहेर हिंडायचे आणि हिवाळ्यात परत येऊन इंग्रजांनी साठवलेल्या धान्यात वाटा मागायचे. तेव्हा कोलमनने इंग्रज भिक्षूंसाठी मुख्य भूमीवर मेयो येथे वेगळा मठ उभारला. म्हणून जुन्या कागदांत ‘सॅक्सनांचे मेयो’ असा उल्लेख येतो. तो कुठल्या दुसऱ्या गावाचा नाही, याच गावाचा आहे.

सोळाव्या शतकात इंग्रजी अंमलात काउंट्या आखल्या गेल्या तेव्हा या गावाचे नाव सगळ्या काउंटीला मिळाले. इथेच पहिली गफलत होते. ‘मेयो’ हे एकाच वेळी गावाचे, त्याच्या नागरी पॅरिशचे (काउंटीतला एक छोटा विभाग), एकेकाळच्या धर्मप्रांताचे (तो पुढे ट्युअममध्ये विलीन झाला) आणि अख्ख्या काउंटीचे नाव आहे. काउंटी क्षेत्रफळाने कॉर्क आणि गॉलवे यांच्यानंतर आयर्लंडमध्ये तिसरी आहे. जुन्या विभागणीत तिचे नऊ परगणे होतात, आणि त्यांखाली पॅरिश, त्याखाली टाउनलँड. टाउनलँड म्हणजे साधारण आपल्याकडच्या मौजासारखे एकक. ‘जन्म मेयो’ एवढेच लिहिलेले असेल तर काउंटी धरून चालावे आणि गाव म्हणू नये. पॅरिश किंवा टाउनलँड दिलेले असेल तरच गावाची नोंद करावी.

दुसरी गफलत शेजारच्या नावांची. उत्तर आयर्लंडमध्ये काउंटी डाउनमध्ये मेयोब्रिज नावाचे गाव आहे. त्याचे आयरिश रूप मेयोवरूनच बनलेले दिसते, पण ते मेयो काउंटीत नाही. तिचा आणि काउंटी डाउनचा प्रांतही वेगळा, कॉनॉट आणि अल्स्टर. याउलट क्लेअर बेट काउंटी क्लेअरमध्ये नसून मेयोच्या किनाऱ्यासमोर आहे. नावावरून काउंटी ठरवू नये, दर वेळी नकाशा उघडावा.

किताबाची साखळी तारखांनी सोडवा

खरी गुंतागुंत इथे आहे आणि भारतीय वाचकाला तिचाच सर्वाधिक उपयोग होतो. आयरिश ठिकाणाचे नाव सरदारकीच्या किताबात जाते, किताब माणसाला चिकटतो, माणूस भारतात येतो आणि त्याचे नाव इमारतींवर बसते. या साखळीतली प्रत्येक कडी तारखेने तपासावी लागते.

मेयोच्या व्हायकाउंटपदाचे दोन स्वतंत्र वंश आहेत (व्हायकाउंट हा सरदारकीतला एक दर्जा, अर्ल त्याच्या वरचा). पहिला 1627 मध्ये सुरू झाला आणि त्याचा पहिला धारक टिबॉट बर्क, म्हणजे दर्यावर राज्य करणाऱ्या ग्रॅनिया उर्फ ग्रेस ओमॅलीचा मुलगा. हा वंश अठराव्या शतकात संपला. दुसरा 1781 मध्ये नव्याने निर्माण झाला आणि 1785 मध्ये त्याच घराण्याला अर्लपद मिळाले. म्हणून ‘पहिला व्हायकाउंट मेयो’ एवढे लिहिणे अपुरे आहे. त्यापुढे वर्ष हवेच.

‘लॉर्ड मेयो’ हा उल्लेख कुणाचा आहे हे ठरवायला पुढच्या तारखा हाताशी ठेवा. 1849 ते ऑगस्ट 1867 या काळातला लॉर्ड मेयो म्हणजे पाचवा अर्ल, रॉबर्ट. त्याचा मुलगा रिचर्ड साउथवेल बर्क या काळात ‘लॉर्ड नास’ म्हणून ओळखला जाई, आणि आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून 1852, 1858–59 आणि 1866 नंतर तो कागदोपत्री बहुतांशी याच नावाने सापडतो. वडील वारल्यावर, ऑगस्ट 1867 पासून, तो स्वतः लॉर्ड मेयो झाला. जानेवारी 1869 मध्ये तो भारताचा व्हाइसरॉय झाला आणि 8 फेब्रुवारी 1872 रोजी अंदमानात पोर्ट ब्लेअरजवळ शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याचा खून केला. त्यानंतरच्या उल्लेखांतला लॉर्ड मेयो म्हणजे त्याचा मुलगा डर्मट, सातवा अर्ल. तो 1927 पर्यंत जगला. 1860 च्या पत्रातल्या ‘लॉर्ड मेयो’ला भावी व्हाइसरॉय ठरवणे ही नेहमीची चूक आहे, आणि ती केवळ तारीख न पाहिल्यामुळे होते.

आणखी एक सावधगिरी हवी. किताब मेयोचा असला तरी माणूस मेयोचा असतोच असे नाही. हा व्हाइसरॉय डब्लिनमध्ये जन्मला, घराण्याची वास्तू पामर्सटाउन काउंटी किलडेअरमध्ये होती आणि त्याचे दफनही किलडेअरमध्येच झाले. त्याला ‘मेयो काउंटीतील व्यक्ती’ या वर्गात घालू नका. त्या वर्गात खरोखर बसणारी नावे वेगळी आहेत. बॅलिना येथे जन्मलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन हे त्यांतले ठळक नाव.

भारतातली शाखा

व्हाइसरॉयच्या नावाच्या संस्था एका उपयादीत एकत्र ठेवाव्यात, कारण त्यांना जोडणारा माणूस एकच आहे. अजमेरचे मेयो कॉलेज हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. कल्पना त्याने 1870 च्या अजमेर दरबारात मांडली, पण कॉलेज सुरू झाले 1875 मध्ये, तो गेल्यानंतर. बंगळूरचा मेयो हॉल, लाहोरचे मेयो हॉस्पिटल, नागपूरचे मेयो आणि लाहोरचे मेयो स्कूल ऑफ आर्ट हे त्याच ओळीतले.

इथे नाव बदललेल्या संस्था चुकतात. लाहोरची कलाशाळा 1958 पासून नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स आहे. नागपूरच्या रुग्णालयाचे अधिकृत नाव वेगळे आहे आणि लोकांच्या तोंडचे वेगळे. अशा ठिकाणी दुवा आजच्या अधिकृत नावाकडे द्यावा, पण ओळ जुन्या नावाने सुरू करावी, कारण वाचक शोधताना जुनेच नाव टंकतो. ‘पूर्वीचे’ हा शब्द कलाशाळेला लागू होतो. नागपूरच्या रुग्णालयाला मात्र लागू होत नाही, तिथे ‘प्रचलित नाव’ म्हणावे.

उपरे ओळखा, पण हाकलू नका

आता ज्यांचे नाव आयरिश गावावरून आलेले नाही ते. यांना यादीत जागा असते, फक्त वेगळ्या मथळ्याखाली.

मेयो हे इंग्रजी आडनावही आहे आणि ते मॅथ्यू या नावाच्या एका जुन्या रूपापासून आलेले मानतात. मेयो क्लिनिकचे मूळ पुरुष विल्यम वॉरल मेयो 1819 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले आणि नंतर अमेरिकेत गेले. क्लिनिक त्यांच्या आणि त्यांच्या दोन डॉक्टर मुलांच्या आडनावाचे. भारतात 1927 च्या पुस्तकामुळे गाजलेली अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो आणि औद्योगिक मानसशास्त्रातले ऑस्ट्रेलियन अभ्यासक एल्टन मेयो हेही आडनावाच्याच ओळीत येतात.

कॅनडाचे उदाहरण दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. क्विबेकमधल्या मेयोला आयरिश वसाहतकऱ्यांमुळे काउंटीचे नाव मिळाले, तर युकॉनमधल्या मेयोचे नाव आल्फ्रेड मेयो या व्यापाऱ्याच्या आडनावावरून पडले. देश एक, स्पेलिंग एक, मूळ मात्र दोन. म्हणून ‘कॅनडातील ठिकाणे’ असा गठ्ठा करू नये.

उरले स्पॅनिश आणि आफ्रिकी. ब्यूनोस आयर्सचा प्रसिद्ध चौक, प्लाझा दे मायो, मे 1810 च्या क्रांतीवरून नाव घेतो; स्पॅनिशमध्ये ‘मायो’ म्हणजे मे महिना. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात त्याच स्पेलिंगची नदी आणि त्याच नावाचा आदिवासी समाज आहे. चाडमधल्या मायो-केब्बी या प्रदेशाच्या नावातला पहिला शब्द फुला भाषेत नदीला म्हणतात. मेयोनेजला लोक तोंडी ‘मेयो’ म्हणतात, त्यालाही एक ओळ द्यावी.

देवनागरीत यादी वेगळी पडते

रोमनमध्ये हे सगळे एकाच पानावर बसते. मराठीत बसत नाही, आणि हे आपल्या फायद्याचेच आहे. स्पॅनिश आणि फुला नावे आपण ‘मायो’ लिहितो: प्लाझा दे मायो, मायो नदी, मायो-केब्बी. त्यांचे पान ‘मायो’ या शीर्षकाखाली वेगळे करावे आणि दोन्ही पानांनी तळाशी ‘हेही पहा’मध्ये एकमेकांकडे बोट दाखवावे. मेवातमधल्या मेव समाजाचे नाव काही लेखनांत ‘मेओ’ असे येते, त्याचाही दुवा तिथेच ठेवावा. रोमनमधून लिप्यंतर करणाऱ्याला हा गोंधळ दिसत नाही, कारण त्याच्या स्पेलिंगमध्ये तो नसतोच.

टंकलेखनातला एक दोष हमखास पछाडतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘यो’ची मात्रा एका चिन्हाऐवजी काना आणि मात्रा अशी दोन चिन्हे होऊन बसते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसते, पण शोधात ‘मेयो’ टंकल्यावर तो मजकूर सापडत नाही. तपासायचे असेल तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. पूर्ण ‘ो’ गेला तर ठीक. नुसती मात्रा जाऊन ‘मेया’ उरले तर शब्द चुकीचा टंकलेला आहे आणि तो नव्याने लिहावा.

ओळी कशा लिहाव्यात

एका ओळीत एकच दुवा आणि ओळखीपुरती माहिती. व्यक्तीला जन्म-मृत्यूची वर्षे आणि एक ओळख, ठिकाणाला प्रकार आणि प्रदेश. संदर्भ, चित्रे, लांब वर्णने या पानावर नकोत, ती मूळ लेखात असतात. कंसातला भेददर्शक शब्द शक्य तितका लहान ठेवावा, आणि स्वतंत्र पूर्ण नाव असेल तर कंस लावूच नये:

मेयो (काउंटी) – आयर्लंडच्या कॉनॉट प्रांतातील काउंटी, मुख्य ठिकाण कॅसलबार.
मेयो (गाव) – त्याच काउंटीतील गाव, कोलमनच्या मठाचे ठिकाण.
रिचर्ड बर्क, सहावा अर्ल मेयो (1822–1872) – भारताचा व्हाइसरॉय.
मेयो कॉलेज – अजमेर येथील निवासी शाळा, स्थापना 1875.
मेयो रुग्णालय, नागपूर – इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचे प्रचलित नाव.

क्रम ठरवताना आधी आयरिश मूळ, मग त्यावरून आलेले किताब आणि संस्था, मग आडनाव, शेवटी इतर. वर्णानुक्रम फक्त प्रत्येक गटाच्या आत लावावा. सगळी यादी वर्णानुक्रमे लावली की साखळी तुटते आणि नागपूरचे रुग्णालय मेयोनेजच्या शेजारी येऊन बसते.

‘मेयो’ या साध्या शीर्षकावर कोणता लेख ठेवायचा हा प्रश्न उरतो. इंग्रजीत काउंटीचा दावा मोठा आहे. मराठीत वाचक रुग्णालय, कॉलेज, व्हाइसरॉय आणि क्लिनिक या चारांपैकी काहीही शोधत असू शकतो, एकाचेही पारडे स्पष्ट जड नाही. म्हणून साधे शीर्षक निःसंदिग्धीकरण पानालाच द्यावे. ‘लॉर्ड मेयो’ हे पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप दुसऱ्या पानावर नेणारे शीर्षक) व्हाइसरॉयच्या लेखाकडे न्यावे आणि त्या लेखाच्या माथ्यावर ‘इतर अर्लांसाठी पाहा’ अशी टीप द्यावी. ‘मेयो हॉस्पिटल’ हे पुनर्निर्देशन मात्र नागपूर, लाहोर आणि कॅसलबार या तिघांची नावे असलेल्या उपयादीकडेच न्यावे.