लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वीची तयारी : सोलापुरातील कार्यालये आणि शाळांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून नीट चालणारे कितीतरी संगणक त्यामुळे हाताशी उरले. अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यांची कार्यालये, सुताच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या, शाळांच्या संगणक-खोल्या आणि टायपिंग-झेरॉक्सची दुकाने यांपैकी कोठेही अशा संगणकावर उबंटू किंवा लिनक्स मिंट ही लिनक्स कार्यप्रणाली घालता येते, आणि ते काम फारसे अवघड नाही. अवघड असते ते त्यानंतरचे. प्रिंटर, टंकलेखन, हिशेब, डिजिटल सहीचे टोकन अशा एकेका गरजेसाठी सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर ‘अनमेट डिपेंडन्सीज’ (सॉफ्टवेअरला लागणारे इतर भाग मिळत नाहीत) असा मजकूर येतो आणि काम तेथेच थांबते. ही अडचण आज्ञा देताना उघड होत असली, तरी ती बहुधा आधीच तयार झालेली असते, कारण कोणत्या आवृत्तीसाठी बनलेले पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधलेले सॉफ्टवेअर, कोठून आणायचे याचा विचार कोणी केलेला नसतो. म्हणून पुढील तयारी जागेवर जाण्याआधी, घरी बसून करावी. येथे डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबंटू व मिंट यांचाच विचार केला आहे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सची साधने वेगळी आहेत.

सर्वप्रथम संगणकाची नोंद घ्यावी. प्रोसेसर ६४ बिटी आहे का, मेमरी किती आहे आणि डिस्कवर मोकळी जागा किती आहे, एवढे पुरे. उबंटूने ३२ बिटी डेस्कटॉपच्या प्रती १७.१० पासून बंद केल्या आणि डेबियन १३ मध्येही ३२ बिटी संगणकासाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, तेव्हा फार जुना संगणक असेल तर संबंधितांना तसे आधीच सांगावे. मिंट किमान २ जीबी मेमरीवर चालते, पण ४ जीबी असेल तरच रोजचे काम सुसह्य होते, आणि अशा संगणकावर एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्तीच घालावी.

आवृत्ती निवडताना नव्याचा मोह टाळावा. उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने अपडेट मिळतात, तर दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या, आवृत्तीला पाच वर्षे. सपोर्ट संपलेल्या आवृत्तीची पॅकेजे काही काळानंतर नेहमीच्या सर्व्हरवरून हलवली जातात. मग एपीटी या पॅकेजे आणून बसवणाऱ्या साधनाची एपीटी अपडेट ही आज्ञाच अपयशी ठरते आणि पुढील सर्व गोष्टी आपोआप अडतात. मिंट वापरत असल्यास ते कोणत्या उबंटूवर उभे आहे हेही लिहून ठेवावे : मिंट २१ हे उबंटू २२.०४ वर आणि मिंट २२ हे २४.०४ वर आधारलेले आहे. बाहेरच्या संकेतस्थळांवर डाउनलोडच्या दुव्यापुढे उबंटूचाच आकडा असतो, मिंटचा नसतो. त्यामुळे ही जोडी ठाऊक नसेल तर चुकीची फाईल हाती येते.

यानंतर कागदावर गरजांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे त्याचा उगम लिहावा. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच बहुतेक जण गाळतात. उगम चार प्रकारचे असू शकतात. पहिला, कार्यप्रणालीची स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचा ऑनलाइन साठा. दुसरा, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने दिलेली सुटी डेब फाईल (डेबियन-उबंटूच्या पॅकेजाची फाईल) किंवा त्याची वेगळी रिपॉझिटरी, ज्यात उबंटूसाठीचे पीपीए, म्हणजे बाहेरच्यांनी चालवलेल्या लहान रिपॉझिटरी, हेही येतात. तिसरा, फ्लॅटपॅक किंवा स्नॅप, म्हणजे लागणारे भाग सोबत घेऊन येणारी बंदिस्त पॅकेजे. चौथा, ॲपइमेज, म्हणजे न बसवता चालणारी एकच फाईल. एखादी गोष्ट पहिल्या उगमात मिळत असेल, तर तिची आवृत्ती थोडी जुनी असली तरी तीच घ्यावी. लिबरऑफिस, व्हीएलसी, जीआयएमपी आणि स्कॅनिंगची साधने यांसाठी सहसा बाहेर पाहण्याची गरज पडत नाही. ‘पॅकेज सापडत नाही’ असा संदेश आला तर कित्येकदा उबंटूच्या रिपॉझिटरीचा युनिव्हर्स हा विभाग बंद असतो. तो सुरू करून यादी ताजी केली की पॅकेज मिळते, त्यासाठी इंटरनेटवर दुसरीकडे शोधाशोध नको.

उगमांची सरमिसळ का टाळायची, हे समजण्यासाठी एक उदाहरण पाहावे. लिनक्सवरील बहुतेक प्रत्येक प्रोग्राम सी भाषेच्या मूळ लायब्ररीवर (प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कोडच्या संचावर), म्हणजे जीलिबसीवर, उभा असतो. उबंटू २०.०४ मध्ये तिची आवृत्ती २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६ आणि उबंटू २४.०४ मध्ये २.३९. २४.०४ वर बनलेले पॅकेज ‘किमान २.३८ हवी’ अशी अट घालू शकते आणि २२.०४ ती अट कधीच पूर्ण करू शकत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवते की नव्या आवृत्तीची लायब्ररी आणून बसवा. हा सल्ला साफ नाकारावा, कारण त्या एका लायब्ररीवर शेकडो पॅकेजे अवलंबून असतात आणि ती बदलताच पुढचा प्रत्येक अपडेट अडखळू लागतो. दोन काउंटचे सूत एकाच ताण्यात भरल्यावर कापडाचे जे होते, तेच येथे होते, आणि दोष मात्र मागाच्या माथी मारला जातो. योग्य उत्तर दोनच आहेत : आपल्या आवृत्तीसाठी बनलेले पॅकेज शोधावे, किंवा तो प्रोग्राम फ्लॅटपॅकमधून घ्यावा.

उलट दिशेनेही हीच गत होते. उबंटू २२.०४ पासून ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरची तिसरी पिढी आली आणि त्याची जुनी लायब्ररी लिबएसएसएल १.१ रिपॉझिटरीतून गेली. जुनी डेब फाईल तीच मागते. ओपनएसएसएल १.१.१ चा सर्वसाधारण सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपला आहे. तेव्हा जुन्या संग्रहातून ती लायब्ररी शोधून आणणे शक्य असले, तरी जेथे बँकेचे आणि कराचे व्यवहार होतात त्या संगणकावर ते करू नये. २४.०४ मध्ये आणखी एक बदल आहे. २०३८ साली ३२ बिटी वेळमोजणी संपण्याचा जो प्रश्न येणार आहे, त्याच्या तयारीत अनेक लायब्रऱ्या नव्याने बांधल्या गेल्या आणि त्यांच्या नावांना ‘टी६४’ ही जोड मिळाली. म्हणून ध्वनीची लिबएसाउंड२ आता लिबएसाउंड२टी६४ या नावाने मिळते, तर अनेक ॲपइमेज चालण्यासाठी लागणारी लिबफ्यूज२ ही लिबफ्यूज२टी६४ या नावाने शोधावी लागते. यादीत ॲपइमेज असेल तर ही लायब्ररी आधीच टिपून ठेवावी, कारण उबंटूवर ती मुळात बसवलेली नसते आणि तिच्याशिवाय अशा ॲपइमेजवर कितीही क्लिक केले तरी काहीच उघडत नाही.

सुटी डेब फाईल घ्यावीच लागली, तर ती डीपीकेजी हे एपीटीच्या मुळाशी असलेले साधन वापरून थेट बसवू नये. डीपीकेजी डिपेंडन्सी तपासते, पण आणून देत नाही. परिणामी पॅकेज अर्धवट अवस्थेत राहते आणि त्यापुढे एपीटीदेखील काम करण्यास नकार देते. एपीटी इन्स्टॉल या आज्ञेपुढे टिंब, तिरकी रेघ आणि फाईलचे नाव दिले, तर एपीटी रिपॉझिटरीतून उरलेली पॅकेजे स्वतः शोधते. पीपीए जोडण्यापूर्वी त्यात आपल्या आवृत्तीसाठी पॅकेज खरोखर आहे का हे पाहावे, आणि पीपीए उबंटूसाठी असते, शुद्ध डेबियनसाठी नव्हे, हे विसरू नये.

प्रत्यक्ष बसवण्याआधी तीच आज्ञा सिम्युलेट या पर्यायासह चालवावी. काहीही न बदलता एपीटी काय काय करणार आहे ते सांगते. त्यातील ‘पुढील पॅकेजे काढली जातील’ या अर्थाची इंग्रजी ओळ शोधून पूर्ण वाचावी. २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या उबंटूवर आधारलेल्या प्रणालीवर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवताना एपीटीचा इशारा येऊनही ‘येस, डू ॲज आय से’ हे वाक्य टंकित केले आणि संपूर्ण डेस्कटॉपच काढला गेला. पॅकेजातील विसंगती त्याची नव्हती, परंतु इशारा पडद्यावर होता. त्या प्रकारानंतर अत्यावश्यक पॅकेजे इतक्या सहज काढता येऊ नयेत म्हणून एपीटीतच बदल करण्यात आला. तरीही काढण्याच्या यादीत डेस्कटॉपचे नाव दिसले की थांबावे, मग ग्राहक शेजारी बसून कितीही घाई करीत असो.

आता जागेवरील सोयींकडे वळू. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि पॅकेजे उलगडत असताना वीज गेली तर डीपीकेजीचे काम मध्येच तुटते. चालू स्थितीतील यूपीएस नसेल तर मोठे अपडेट सुरूच करू नये. लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी खरोखर टिकते का ते पाहावे. काम तुटलेच, तर डीपीकेजी कॉन्फिगर ही आज्ञा सर्व पॅकेजांसाठी चालवून नंतर एपीटीचा फिक्स-ब्रोकन पर्याय वापरावा, याच क्रमाने. जुन्या संगणकात मदरबोर्डवरील सीआर २०३२ सेल संपलेला असतो आणि तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. मग प्रमाणपत्रे अवैध ठरतात, ‘रिलीज फाईल अद्याप वैध नाही’ अशी तक्रार येते आणि दोष इंटरनेटला दिला जातो. पिशवीत एक नवा सेल ठेवणे स्वस्त पडते.

इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर पॅकेजे आधीच उतरवून न्यावीत. त्यासाठी तीच आवृत्ती नुकतीच घातलेला दुसरा संगणक हवा. आपल्या रोजच्या संगणकावर ‘केवळ डाउनलोड’ या पर्यायाने पॅकेजे उतरवली, तर तेथे आधीपासून असलेल्या डिपेंडन्सी उतरतच नाहीत आणि पेन ड्राइव्हवरचा संच अपुरा राहतो. एपीटी-ऑफलाइन हे साधन या बाबतीत अधिक भरवशाचे आहे, कारण ते गरजांची नोंद इंटरनेट नसलेल्या संगणकावरच करते आणि ती फाईल जोडणी असलेल्या ठिकाणी नेऊन भरून आणता येते. मात्र ते स्वतः त्या संगणकावर आधी बसवलेले असावे लागते. शाळेच्या खोलीत वीस-पंचवीस संगणक असतील तर एकावर एपीटी-कॅशर-एनजी बसवावे. पॅकेज एकदाच उतरते आणि बाकीचे संगणक ते ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवरून घेतात.

वायफायचा डोंगल हा वेगळाच पेच आहे. काही डोंगलांचा ड्रायव्हर कर्नलच्या (कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) हेडर फाईलींसह जागेवर बांधावा लागतो, आणि त्या फाईली आणण्यासाठी इंटरनेट लागते, जे अजून सुरू झालेले नसते. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की ही गाठ सुटते, म्हणून डेटा केबल सोबत असावी, केवळ चार्जिंगची नव्हे. सिक्युअर बूट (केवळ सही असलेले ड्रायव्हर चालू देणारी सोय) चालू असेल तर असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवावा लागतो आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर तो पुन्हा द्यावा लागतो. तो पडदा निसटला तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

प्रिंटरचे मॉडेल आधी फोनवर विचारून घ्यावे. एचपी लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरांना एचपीएलआयपी या एचपीच्या ड्रायव्हर-संचाखेरीज एक स्वतंत्र प्लगइन लागते आणि त्याची आवृत्ती एचपीएलआयपीच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. काही जुन्या लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर ३२ बिटी लायब्रऱ्या मागतात. त्यासाठी डीपीकेजीला आय३८६ ही ३२ बिटी रचना जोडून पुन्हा एपीटी अपडेट करावे लागते. डिजिटल सहीचे टोकन असेल तर पीसीएससीडी ही टोकन वाचणारी सेवा आणि टोकन बनवणाऱ्याचे डेब पॅकेज यादीत घालावे. उबंटूवरील फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅप रूपात येते आणि बंदिस्त ब्राउझरला टोकनची लायब्ररी सहज मिळत नाही. अशा कार्यालयासाठी मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी रिपॉझिटरीतील फायरफॉक्स घ्यावे.

सोलापुरातील पेढीवर केवळ देवनागरी पुरत नाही. गिऱ्हाइकांची नावे आणि पत्रव्यवहार तेलुगू व कन्नडमध्येही असतात. फॉन्ट्स-देव, फॉन्ट्स-तेलू आणि फॉन्ट्स-केएनडीए ही तिन्ही पॅकेजे आणि इनस्क्रिप्ट कळफलकासाठी आयबस-एम१७एन हे सुरुवातीलाच बसवावे. युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुन्या फाईली असतील तर ते फॉन्ट परवान्यासह मालकाकडून मागून घ्यावेत, रिपॉझिटरीत ते मिळणार नाहीत.

विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी पायथन३-व्हेन्व हे वेगळे पायथन-वातावरण तयार करणारे पॅकेज आठवणीने घ्यावे. डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून पिप हे पायथनची पॅकेजे बसवणारे साधन थेट मूळ पायथनमध्ये काही बसवू देत नाही, आणि तो अडथळा ओलांडण्याच्या पर्यायाचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असे आहे. ते नाव अक्षरशः घ्यावे.

पहिल्या अपडेटनंतर आणि बाहेरचे काहीही जोडण्याआधी टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीचा एक स्नॅपशॉट (मागे परतण्यासाठीची प्रत) घ्यावा. मात्र त्यात वैयक्तिक फाईली येत नाहीत, हिशेबाची प्रत वेगळी ठेवावी लागते. नव्याने सुरू झालेला संगणक पडद्यामागे स्वतःचे अपडेट घेत असतो आणि तेव्हा ‘लॉक मिळत नाही’ असा संदेश येतो. तेथे थांबणे हाच उपाय आहे, लॉकची फाईल पुसू नये. मदत मागायची वेळ आलीच, तर ‘इन्स्टॉल होत नाही’ एवढे सांगून भागत नाही. आवृत्तीचे नाव, दिलेली आज्ञा, एपीटी-कॅश पॉलिसीचे त्या पॅकेजाबद्दलचे उत्तर आणि संदेशाच्या सर्व ओळी, शेवटची एकच नव्हे, द्याव्यात. काम झाल्यावर एपीटी-मार्कच्या शोमॅन्युअल या आज्ञेने मिळणारी पॅकेजांची यादी आणि रिपॉझिटरींच्या फाईलींची प्रत पेन ड्राइव्हवर संगणकाच्या नावाने जपून ठेवावी. त्याच कार्यालयातील दुसरा संगणक तयार करताना कागदावरील यादी पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही.