जगभर पुरतील एवढ्या भाषा: कोणत्या, किती आणि कोणत्या क्रमाने

जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत. जगभर बोलता यावं म्हणून त्यातल्या शेकडो शिकाव्या लागत नाहीत. मराठी, हिंदी आणि इंग्रजी येणाऱ्या माणसाने आणखी सात नीट निवडल्या, तर बहुतेक बंदरांत, बसस्टँडवर किंवा औषधाच्या दुकानात त्याचं काम अडत नाही. माझ्या सात म्हणजे इंडोनेशियन, स्पॅनिश, स्वाहिली, रशियन, फ्रेंच, अरबी आणि चिनी. मी वेंगुर्ल्याचा, मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. बोटीवर जाणारी आमच्याकडची मुलं हल्ली विचारतात, कुठली भाषा शिकू? त्यांच्यासाठी आणि ज्यांना हा नाद मनापासून आहे त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

निवड करताना बोलणाऱ्यांची संख्या बघू नका. ती भाषा परक्या माणसांना जोडते का, ते बघा. जावानीज मातृभाषा असलेले लोक कोट्यवधी आहेत, पण सुमात्राचा माणूस पापुआच्या माणसाशी बोलतो तो इंडोनेशियनमध्येच. केनियातल्या किकुयु आणि लुओ जमातींची माणसं मोंबासात भेटली की स्वाहिली बोलतात. कझाक आणि किर्गिझ माणसांमध्ये रशियन चालते. सेनेगल आणि कॅमेरूनच्या लोकांमध्ये फ्रेंच. स्पॅनिश तर वीसेक देशांची राजभाषा आहे. जपानी आणि जर्मन माझ्या यादीत नाहीत याचं पुण्याच्या वाचकांना आश्चर्य वाटेल. त्या देशात नोकरीला किंवा शिकायला जायचं असेल तर जरूर शिका, जपानीचा वाक्यक्रम तर थेट आपल्यासारखा, क्रियापद शेवटी. पण त्या भाषा आपापल्या मुलखाबाहेर फार कमी ठिकाणी दुवा होतात. आखातासाठी आधी अरबी हवी असंही समजू नका. दुबईत आणि मस्कतमध्ये आपल्या हिंदीवर बरंच निभतं.

यादी ठरली की प्रत्येक भाषेपुढे किती यायला हवी ते लिहा. मी तीन पायऱ्या धरतो. पहिली ओळखीपुरती: नमस्कार, आकडे, दिशा, किंमत, मदत मागणं. दुसरी कामापुरती: काय बिघडलंय, कधी मिळेल, कोण जबाबदार, हे विचारता आणि समजता येणं. तिसरी गप्पांपुरती, म्हणजे समोरच्याच्या घरच्यांची विचारपूस करता येईल आणि त्याच्या बोलण्यातली खोच कळेल इतकी. सातही भाषा तिसऱ्या पायरीवर न्यायच्या ठरवल्या तर आयुष्य पुरणार नाही. दोन तिसऱ्या पायरीवर, तीन दुसऱ्या, दोन पहिल्या, हा हिशेब नोकरी सांभाळून जमण्यासारखा आहे.

वेळेचा अंदाज घ्यायला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचे आकडे उपयोगी पडतात. त्यांच्या अनुभवानुसार स्पॅनिशला साधारण 600 ते 750 तास वर्ग लागतात, इंडोनेशियन आणि स्वाहिलीला 900, रशियनला 1100, अरबी आणि चिनीला 2200. हे तास कार्यालयीन कामकाज चालवण्याइतकी भाषा येण्यासाठीचे आहेत, ओळखीपुरत्या पायरीला त्याचा छोटा भाग पुरतो. दुसरं म्हणजे हे गणित इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचं आहे. त्यांच्या यादीत हिंदीसुद्धा 1100 तासांच्या गटात बसते! म्हणजे त्यांना जे डोंगर वाटतं त्यातलं बरंच आपल्या तोंडात आधीच आहे. शिकण्याचा क्रम मी त्यावरूनच लावला.

पहिली इंडोनेशियन घ्या. लिपी रोमन, क्रियापद काळानुसार बदलत नाही, लिंगाची भानगड नाही. 'साया सुदा माकान' म्हणजे मी जेवलो. 'साया बेलुम माकान' म्हणजे मी अजून जेवलो नाही. 'सुदा' आणि 'बेलुम' बदलले, 'माकान' तसाच राहिला. नामा, बहासा, वार्ना, बूमी हे शब्द तर सांगावेही लागत नाहीत. आणि एक गोष्ट मराठी माणसाला फुकट मिळते. इंग्रजीत एकच 'वी' आहे, हिंदीत एकच 'हम'. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे, तसेच इंडोनेशियनमध्ये 'किता' आणि 'कामी' वेगळे. सुराबायाच्या तांजुंग पेराक बंदरात आमच्या जहाजाच्या क्रेनचा लिमिट स्विच, म्हणजे क्रेनला हद्दीपलीकडे जाऊ न देणारा स्विच, अडकला होता आणि क्रेन चालवणारी माणसं किनाऱ्यावरची होती. त्यांचा फोरमन वर बोट दाखवून म्हणाला, 'किता नाईक.' आपण वर चढू या. म्हणजे मलाही जायचं होतं. तो 'कामी नाईक' म्हणाला असता तर मी खाली पॅनेलजवळ उभा राहिलो असतो. शिवाय ही भाषा आली की मलेशिया आणि ब्रुनेईतही बोलणं जमतं.

दुसरी स्पॅनिश, आणि ती तिसऱ्या पायरीपर्यंत न्या. तिचे त आणि द आपलेच, दाताला जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी ट-ड तिथे आणू नका. क्रियापदांचे तक्ते पाठ करावे लागतात, त्यातून सुटका नाही. पोर्तुगीज वेगळी शिकू नका, फक्त कान तयार करा. सांतोसच्या गोदीत मी सावकाश स्पॅनिश बोलायचो, ब्राझीलची माणसं पोर्तुगीजमध्ये उत्तर द्यायची आणि काम व्हायचं. पोर्तुगीज माणसाला स्पॅनिश जेवढी कळते तेवढी स्पॅनिश माणसाला पोर्तुगीज कळत नाही, म्हणून ऐकण्याचा सराव तुमच्याच बाजूने लागतो. जहाजावर फिलिपिनो सहकारी असतील तर त्यांच्याकडून वार आणि वेळ आधी शिका. दोन वाजता म्हणायला ते 'आलास दोस' म्हणतात, तो स्पॅनिश वारसाच आहे.

तिसरी स्वाहिली, दुसऱ्या पायरीपर्यंत. हिशेबाला 'हेसाबु', रंगाला 'रंगी', दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा'. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर जो व्यापार चालला त्याची ही शिल्लक. वाक्य बनवणं ठोकळे जोडण्यासारखं आहे: 'नी' म्हणजे मी, 'ना' म्हणजे आत्ता, 'सोमा' म्हणजे वाच. 'नीनासोमा', मी वाचतोय. 'नीलीसोमा', मी वाचलं. 'नीतासोमा', मी वाचेन. नामांचे वर्ग मात्र बरेच आहेत, ते हळूहळू बसतात. वेळ विचारताना सावध राहा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, 'सा मोजा' म्हणजे पहिला तास म्हणजे आपले सकाळचे सात. एजंटने सांगितलेली वेळ कुठल्या पद्धतीची आहे हे दरवेळी विचारून घ्या.

चौथी रशियन. लोक विभक्त्या ऐकून घाबरतात. शाळेत आपण प्रथमा ते संबोधन असा तक्ता घोकला आहे, इथे तर सहाच आहेत. तिन्ही लिंगंही आपल्यासारखीच, जी हिंदी माणसाकडे नाहीत. आणि भूतकाळ बघा: गेला, गेली, गेलं याला रशियनमध्ये 'पशोल, पश्ला, पश्लो'. तोच ल, आणि लिंगाप्रमाणे तसाच बदलणारा शेवट. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. महाराष्ट्रातून कितीतरी मुलं डॉक्टरकीसाठी रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तानला जातात. त्यांनी विमानात बसण्याआधीच ही सुरू करावी, कारण वर्ग इंग्रजीत असला तरी वॉर्डातला रुग्ण रशियन बोलतो. एक काळजी घ्या. युक्रेनियन सहकाऱ्याशी रशियन बोलण्याआधी त्याला चालेल का, हे इंग्रजीत विचारा.

पाचवी फ्रेंच, पश्चिम आफ्रिकेसाठी, मादागास्करसाठी आणि मॉरिशससाठीही, जिथे मराठी मुळाची माणसं रोजच्या व्यवहारात क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) आणि फ्रेंच बोलतात. अनुनासिक स्वर मालवणी बोलणाऱ्याला जड जाणार नाहीत, 'खंय' आणि 'थंय' म्हणणारं नाक तयारच असतं. फ्रेंच आणि स्पॅनिश एकाच वर्षी मात्र सुरू करू नका, शब्द एकमेकांत घुसतात.

अरबी पहिल्या पायरीवर ठेवा आणि इजिप्तची बोली घ्या. पुस्तकी अरबी बातम्यांत आणि छापील मजकुरात असते, घरात कुणी बोलत नाही. इजिप्तची बोली तिथल्या सिनेमांमुळे अरब जगात बहुतेकांना कळते. सुएझ कालव्यातून जाताना जहाजाच्या पुढच्या टोकाला सर्चलाइट लागतो आणि त्यासाठी तिथला इलेक्ट्रिशियन जहाजावर येत असे. त्याच्याशी रात्रभर बोलायचं तर 'शुवय्या शुवय्या', म्हणजे हळूहळू, आणि 'बिकाम', म्हणजे केवढ्याला, एवढ्यापासून सुरुवात करता येते. तारीख, हिशेब, वकील, हुकूम हे तर आपल्याकडचेच.

चिनी शेवटी, फक्त बोलण्यापुरती, लिपीचा हट्ट न धरता. इथेही आपला कान उपयोगी येतो. रोमन लिपीतल्या चिनीत 'बी' लिहितात तो आपला प, 'पी' लिहितात तो ओठ मिटून म्हटलेला फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'झेड' म्हणजे चमच्यातला च, जो हिंदीत नाही. वहीत देवनागरीतच लिहा, रोमनपेक्षा बरोबर येतं: 'तुओशाओ छ्येन', किती पैसे. 'थिंग पु तोंग', कळलं नाही. चार सूर सुटे घोकू नका, अख्खं वाक्य गाण्यासारखं पाठ करा.

आता वही. ही पद्धत मी आमच्याच धंद्यातून उचलली. वेगवेगळ्या देशांच्या लोकांना जहाज सुरक्षित चालवता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली इंग्रजी वाक्यांचा एक ठरावीक संच मंजूर केला. त्यात निरोपाचे आठ प्रकार आहेत: सूचना, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती आणि इरादा. बोलण्याआधी प्रकार सांगितला की ऐकणाऱ्याला पुढे काय येणार ते कळतं. प्रत्येक भाषेसाठी दोनशे पानी वही घ्या आणि याच आठ मथळ्यांचे विभाग पाडा. प्रत्येक विभागात बारा ते पंधरा वाक्यं, सगळी तुमच्या गरजेची. 'मुलगी सफरचंद खाते' हे वाक्य कुणाला कुठे बोलावं लागतं? त्याऐवजी माझ्या इंडोनेशियन वहीत विनंतीखाली होतं 'तोलोंग तुंगगु सेबेंतार', कृपया जरा थांबा. प्रश्नाखाली 'इनी आपा नामान्या', याला काय म्हणतात. हा प्रश्न सातही भाषांत सर्वांत आधी शिका, पुढचे शब्द लोकच तुम्हाला देतात. त्यासोबत 'पुन्हा सांगा', 'हळू बोला' आणि 'लिहून द्या'.

त्याच धंद्यातली दुसरी सवय, ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, सुकाणूची आज्ञा मिळाली की ती मोठ्याने परत म्हणतात. भाषेतही तेच करा. दुकानदाराने किंमत सांगितली, ती म्हणा. कुणी रस्ता सांगितला, 'डावीकडे, मग पूल, मग उजवीकडे' असं त्याच्याच शब्दांत परत म्हणा. चूक असेल तर तो तिथेच दुरुस्त करतो.

वहीतली वाक्यं त्या भाषेच्या माणसाकडून बोलून रेकॉर्ड करून घ्या. रोज चाळीस मिनिटं पुरतात: पंधरा ऐकून सोबत म्हणायला, पंधरा कुणाशी तरी बोलायला, दहा वहीत भर घालायला. एकच दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आठवडाभर घ्या, रोज नवं नको. बोटीवर जाणाऱ्यांनी साइन ऑन करण्याआधी सगळं फोनमध्ये उतरवून ठेवावं. उजळणीसाठी अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप चांगलं आहे, अँड्रॉइडवर ते फुकट मिळतं. रशियन आणि फ्रेंचसाठी मात्र निदान सुरुवातीला वर्गात बसा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. उच्चार आणि व्याकरण शिक्षकाने समोर बसून तपासलं की पुढची वर्षं सोपी जातात.

एका वेळी नवी भाषा एकच. ती ठरवलेल्या पायरीवर पोचली की तिला आठवड्याचा एक वार द्या. माझ्याकडे सोमवार इंडोनेशियनचा, मंगळवार स्पॅनिशचा, असं चालू आहे. त्या दिवशी त्या भाषेतली रेडिओची बातमी, वहीची चार पानं आणि एखाद्या जुन्या सहकाऱ्याला आवाजी निरोप. इंडोनेशियनला सहा-आठ महिने, स्पॅनिशला दोन वर्षं, स्वाहिलीला एक, रशियनला दोन, बाकी तिन्हींना मिळून तीन, असा साधारण नऊ वर्षांचा आराखडा होतो. विशीत सुरू केलंत तर तिशीला पूर्ण होतो, आणि पन्नाशीत सुरू केलंत तरी निवृत्तीआधी.

वही आणली की पहिल्याच पानावर, आठ विभागांच्याही आधी, स्वतःची ओळख लिहा: नाव, गाव, काम, घरी कोण कोण आणि इथे का आलो. पाच वाक्यं. जगात कुठेही गेलात तरी समोरचा हेच विचारतो, आणि ही पाच वाक्यं न अडखळता म्हणता आली की तो खुर्ची पुढे सरकवून सहावं विचारतो.