कणकेचं कासव
दिव्यांच्या अवसेला, म्हणजे आषाढ अमावास्येला, कणकेचे गोड दिवे करताना मुलांच्या हातीही कासव करायला एक गोळा द्या. १ वाटी कणकेला अर्धी वाटी गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, गाळून घ्या. चमचाभर तूप घालून पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट भिजवा. सैल कणकेचं कासव वाफेवर पसरतं आणि मूल हिरमुसतं. डोळ्यांना लवंग नको, लहानांच्या घशात अडकू शकते, तीळ टोचा. कच्ची कणीक चाखू देऊ नका. तूप लावलेल्या चाळणीत १५ मिनिटं वाफवा, हे काम मोठ्यांचंच. कासव वाकडं झालं तरी कृपा करून सरळ करू नका, ते मुलाचं आहे! कोमट झालं की वर तूप सोडून द्या.